पश्चिमेची भिंत: मे ते जुलै, चौदा महिन्यांच्या नोंदी

२६ मे २०२३

आजपासून वही सुरू. आईच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीला खिडकीखाली दर पावसाळ्यात ओल धरते. आधी रंग फुगतो, मग पोपडे सुटतात, मग कुबट वास सुटतो. चार वर्षांत दोनदा रंग काढून झाला, एकदा आतून वॉटरप्रूफिंगचा हात मारून झाला. त्यानंतर ओल वीतभर बाजूला सरकली, एवढाच फरक. आईला दमा आहे. भिंत भिजली की तिची रात्र उशीला टेकून बसण्यात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलीच्या घरात दमा आणि श्वसनाचे विकार बळावतात, हे त्यात स्पष्ट म्हटलं आहे. आमच्या घरात ते वाचून कळायची गरज नव्हती.

यंदा भिंतीला काहीही लावायचं नाही. वर्षभर बघायचं, मोजायचं, लिहायचं आणि मगच हात घालायचा.

गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. १५ सेंमी व्यासाचं नरसाळं, खाली बरणी, बरणीला विटांचा आधार. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ साधारण १७७ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पाऊस झाला की बरणीत १७.७ मिली पाणी. ५३ मिली भरलं तर ३ मिमी. जागा निवडायला वेळ लागला. आडोशाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर मापक असावा लागतो, आणि पाण्याची टाकी दीड मीटर उंच आहे. त्यामुळे मापक तिच्यापासून तीन मीटरवर. रोज सकाळी साडेआठला मोजणार.

वहीत रकाने आखले: तारीख, मिमी, वारा, खोलीतलं तापमान, आर्द्रता, भिंत. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आणि पाऊस कसा पडला, ते कुठे लिहिणार तू?" मी म्हटलं, मिमीमध्ये आलंच की ते. "किती पडला ते आलं. कसा पडला ते नाही." तिच्यासाठी सातवा रकाना आखला. तो तीच सांगेल.

३० मे

वळीव. दुपारभर हवा कुंद, पान हलत नव्हतं. पाचच्या सुमाराला धुळीची वावटळ उठली आणि टपोरे थेंब सुरू झाले. पंचवीस मिनिटांत ११ मिमी. आईचा शब्द: "वळीव, ताशे वाजवत आलेला."

मातीचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. या वासाला पेट्रिकोर हे नाव इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दिलं. त्यातला ओळखीचा भाग जिओस्मिनचा, आणि ते मातीतले जिवाणू तयार करतात. हवेत ते नावापुरतं असलं तरी माणसाच्या नाकाला कळतं.

भिंत: कोरडी.

९ जून

पावसाळा लागला. रात्रभर ४१ मिमी. आईचा शब्द: "संततधार." भिंत कोरडी. मला वाटलं होतं पहिल्याच दणक्याला ओल उमटेल.

१३ जून

ओल आली. खिडकीच्या डाव्या कोपऱ्याखाली तळहाताएवढा गडद डाग. पेन्सिलने त्याच्या कडेने रेघ मारली, रेघेवर तारीख टाकली. यापुढे डाग वाढला की नवी रेघ.

काल मोजलेला पाऊस फक्त ७ मिमी होता. हे डोक्यात बसत नाही.

१४ जून

ओल भिंतीतून येते की खोलीतल्या हवेतून भिंतीवर बसते, हे आधी ठरवायला हवं. फूटभर लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा डागावर लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. तसाच दुसरा तुकडा आतल्या, कोरड्या भिंतीवर. खोलीकडच्या बाजूला दव दिसलं तर पाणी हवेतलं, प्लॅस्टिकच्या मागे दिसलं तर भिंतीतलं.

१६ जून

डागावरच्या प्लॅस्टिकच्या मागे मोहरीएवढे थेंब दाटीने बसले होते. पुढची बाजू कोरडी. आतल्या भिंतीवरचा तुकडा दोन्हीकडून कोरडा.

पाणी भिंतीतूनच येतंय. एक प्रश्न सुटला.

२३ जून

७२ मिमी! आतापर्यंतचा सगळ्यात मोठा आकडा. आईचा शब्द: "मुसळधार, सरळ." रस्त्यावर पोटरीपर्यंत पाणी. मी संध्याकाळी भिजत घरी आले ती थेट भिंतीपाशी. रेघ जागच्या जागी. एक बोटसुद्धा पुढे नाही.

२५ जून

आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, त्यामुळे जो येतो तो "गच्ची गळतेय" म्हणतो. मागचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्यानेही तेच सांगून गच्चीच्या कामाचा वेगळा हिशेब मांडला होता. उघडीप होती म्हणून आज गच्चीची परीक्षा घेतली. आईच्या खोलीवरचा १२ चौ. मीटरचा भाग ओल्या मातीचा बांध घालून अडवला आणि ५ सेंमी पाणी साठवलं. ६०० लिटर. नुसतं बघायला थोडं वाटतं, बादलीने ओतताना हात भरून आले. चोवीस तास ठेवणार.

२६ जून

छत कोरडं. भिंतीवरची रेघ जागेवर. गच्चीला मी चार वर्षं उगाच दोष दिला.

२८ जून

९ मिमी. डाग चार बोटं खाली उतरला आणि डावीकडे पसरला. नवी रेघ.

६ जुलै

आज रात्री वही घेऊन बसले. मिमी एका बाजूला आणि डागाची वाढ दुसऱ्या बाजूला, असा आलेख काढला. काही संबंध लागेना. ७२ मिमीला काहीच नाही, ९ मिमीला चार बोटं, ४१ ला काही नाही, १२ ला दोन बोटं. मग आर्द्रता लावून पाहिली. तीही नाही.

आईने वही मागून घेतली, चष्मा चढवला आणि फक्त तिचा रकाना वाचत गेली. १२ जून: "भुरभुर, झड आत येत होती." २७ जून: "बारीक पाऊस, झड." ३ जुलै: "झड, खिडकी लावून घ्यावी लागली." डाग वाढला त्या प्रत्येक दिवसासमोर झड हा शब्द होता. बाकी कुठेच नव्हता.

म्हणाली, "अगं, पाऊस वरून पडतो तेव्हा गच्ची भिजते. झड येते तेव्हा भिंत भिजते."

मी वाऱ्याचा रकाना नीट भरला नव्हता, ही माझी चूक. आकडा मनासारखा आला की "वारा: होता" एवढंच लिहून मोकळी व्हायचे.

मग थेंबांचं गणित केलं. अर्धा मिमी व्यासाचा बारीक थेंब सेकंदाला सुमारे २ मीटर वेगाने खाली येतो. पाच मिमीचा टपोरा थेंब सुमारे ९ मीटर वेगाने. वारा सेकंदाला ५ मीटरचा धरला, तर टपोरा थेंब एक मीटर खाली येईपर्यंत अर्धा मीटर बाजूला सरकतो आणि बारीक थेंब अडीच मीटर. आमच्या खिडकीवरचा छज्जा दोन फुटांचा. टपोऱ्या थेंबांपासून तो खिडकी जवळपास पूर्ण वाचवतो. भुरभुरीपुढे तो नसल्यासारखाच आहे. आणि वर आडव्या तोंडाच्या नरसाळ्यात हा तिरपा पाऊस कमीच पडतो, त्यामुळे वहीत आकडाही लहान दिसतो.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाऊस मोजण्यासाठी कोठारापाशी हातभर रुंद तोंडाचं कुंड ठेवायला सांगितलंय. कोरियात राजा सेजोंगच्या काळात, १४४१ मध्ये, पर्जन्यमापकाचं पात्र ठरवलं गेलं. शेताला किती पाणी मिळालं याचं उत्तर ही भांडी चोख देतात, आणि शेत आडवं असतं. माझा प्रश्न उभ्या भिंतीचा होता.

८ जुलै

वारा मोजायला यंत्र नाही, समोर झाड आहे. ब्रिटिश नौदलातल्या फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये जहाजांसाठी वाऱ्याची पट्टी आखली. पुढे तिला जमिनीवरच्या खुणा जोडल्या गेल्या. धूर सरळ वर जातो तो ०. पानं सळसळतात आणि वारा चेहऱ्याला जाणवतो तो २. पानं आणि कोवळ्या डहाळ्या सतत हलत राहतात तो ३, म्हणजे सेकंदाला साडेतीन ते साडेपाच मीटर. आता रोज झाड बघून आकडा आणि दिशा लिहिते.

११ जुलै

पहाटेपासून झड. वारा ३, पश्चिमेचा. रेनकोट घालून शेजारच्या गॅलरीत वाकून उभी राहिले आणि टॉर्चचा झोत आमच्या खिडकीच्या खालच्या दगडी पट्टीवर धरला. पाऊण तास.

जे दिसलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. पाऊस काचेवर आपटतो. काच थेंबही पीत नाही, त्यामुळे काचेवरचं सगळं पाणी ओघळत खाली येतं. अख्ख्या खिडकीचं पाणी त्या चार बोटांच्या पट्टीवर जमा होतं. पट्टी भिंतीच्या बाहेर दोन बोटं आलेली आहे. पाणी तिच्या कडेला येतं, तिथे थेंब जाड होतो. आता सुटेल असं वाटतं, पण तो सुटत नाही. कडेवरून वळसा घालून पट्टीच्या खालच्या अंगाला चिकटतो आणि उलटा लोंबकळत भिंतीकडे सरकू लागतो. त्याच्या मागून दुसरा, मग तिसरा. भिंतीपाशी पट्टी आणि गिलावा यांच्या मध्ये केसाएवढी फट आहे. थेंब तिथे टेकतो आणि दिसेनासा होतो. एकही थेंब भिंतीवरून खाली ओघळला नाही. सगळे आत ओढले गेले.

पाणी दगडाला धरून राहतं हा पृष्ठताणाचा गुण. बारीक फट ते आत ओढून घेते हा केशाकर्षणाचा. दोन्ही शाळेत पाठ केले होते. आपल्या आईच्या उशापाशी ते असे दिवसरात्र काम करत असतील, हे मनात आलं नव्हतं.

खाली उतरले तेव्हा कपडे पिळण्याजोगे झाले होते आणि मला फार बरं वाटत होतं.

२ ऑगस्ट

ओलीचा दुसरा भाग. आईच्या कपाटाच्या मागे बुरशी सापडली, तीही आतल्या, कोरड्या भिंतीवर. हे पाणी झडीचं नाही, हवेचं.

तापमान २७, आर्द्रता ९०. २७ अंशांची हवा घनमीटरला जास्तीत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास वाफ धरते. त्याचे ९० टक्के म्हणजे २३ ग्रॅम. खोली ३६ घनमीटर. म्हणजे आईच्या खोलीतल्या हवेतच ८०० ग्रॅमहून जास्त पाणी तरंगतंय. अशी हवा पंचवीस अंशांपर्यंत निवली तरी ते पाणी सुटायला लागतं. कपाट भिंतीला घासून ठेवलं की मागची हवा हलत नाही, भिंतीचा तेवढा भाग थंड राहतो आणि बुरशीला हवं ते सगळं मिळतं.

कपाट वीतभर पुढे ओढलं. खोलीत दोरीवर वाळत घातलेले कपडे बाहेरच्या पॅसेजमध्ये नेले. एका धुण्यातून लिटर-दीड लिटर पाणी खोलीच्या हवेत जात होतं. पावसात दारं-खिडक्या उघडून हवा खेळती ठेवायची की नाही, यावर मी आणि आई रोज बोलतो. बाहेर ९५ आणि आत ८५ असेल तेव्हा खिडकी उघडून काही कोरडं होत नाही. उघडीप पडली आणि ऊन आलं की मात्र लगेच उघडायची. त्यासाठी आर्द्रतेचा आकडा दिवसातून दोनदा बघते.

१९ ऑगस्ट

दिवसभर शिरवी. ऊन आणि पाऊस आळीपाळीने. आईने सातव्या रकान्यात सांगितलं: "लहान मूल रडावं-हसावं तसा." ६ मिमी.

१२ सप्टेंबर

तिला रात्री दोनदा वाफ घ्यावी लागली. तिचा पलंग पूर्वेच्या भिंतीला लावला. हे जूनमध्येच करायला हवं होतं.

२१ सप्टेंबर

पावसाचा सूर बदललाय. दुपारपर्यंत कडक ऊन, चारनंतर आभाळ भरून येतं, विजा, तासाभराची सर, रात्री चांदणं. वारा पश्चिमेचा राहिलेला नाही, कधीही कुठूनही येतो. गेल्या नऊ दिवसांत ८८ मिमी झाला आणि डाग तसूभरही वाढला नाही.

१४ ऑक्टोबर

दहा दिवस पाऊस नाही. वळवापासूनची बेरीज २,१८४ मिमी. १ मिमी म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, या हिशेबाने आमच्या ४० चौ. मीटरच्या गच्चीवर ८७,३६० लिटर पाणी पडलं. आणि आमचा चार वर्षांचा छळ केला त्या पाण्याच्या, माझ्या अंदाजाने, बादल्याही फार होणार नाहीत.

भिंतीवर अकरा रेघा आहेत, नकाशातल्या डोंगरासारख्या एकात एक.

२९ ऑक्टोबर

लोणा लागला. डागाच्या सगळ्यात बाहेरच्या रेघेवर पांढरी, कापसासारखी मऊ झालर. भिंतीतलं पाणी बाहेर येऊन उडून जातं आणि विटा-सिमेंटमधले विरघळलेले क्षार पृष्ठभागावर राहतात. दिसायला वाईट, पण भिंत वाळतेय याची ती खूण. पाण्याने पुसला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातो. कोरड्या ब्रशने झाडून कागदावर गोळा केला आणि टाकून दिला.

१८ नोव्हेंबर

आतून मारलेला वॉटरप्रूफिंगचा थर खरवडून काढला. तीन दिवस लागले. त्याच्या खाली गिलावा अजून ओला होता, नख रुतत होतं. पाणी बाहेरून येतच होतं, आणि आम्ही पैसे देऊन त्याची खोलीकडे निघून जायची वाट बंद केली होती. म्हणूनच ओल वीतभर बाजूला सरकली. आई दुसऱ्या खोलीत झोपते आहे.

१५ डिसेंबर

गच्चीवर पहाटे दहिवर. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यावर दव चमकत होतं, बरणीत मोजण्याजोगं काही नाही. आतली आर्द्रता ५२. आईची रात्रीची झोप सलग झाली, या महिन्यात तिसऱ्यांदा. कसलाही रकाना नसताना मी ते मोजते आहे.

१८ जानेवारी २०२४

प्लॅस्टिक पुन्हा लावलं होतं. तीन दिवसांनी काढलं, मागे काही नाही. भिंत वाळायला इंचाला महिना असा ढोबळ हिशेब सांगतात. आमच्या भिंतीला पाऊस थांबल्यापासून तीन महिने लागले.

६ फेब्रुवारी

गवंडीकाम. मिस्त्री आले, भिंत बघून म्हणाले, "ताई, आतून मस्त कोटिंग करून देतो, पाच वर्षं बघायला नको." मी त्यांना वही दाखवली. अकरा रेघांच्या तारखा आणि आईचा रकाना शेजारी शेजारी. ते बराच वेळ वाचत राहिले. मग खिडकीतून बाहेर वाकून पट्टीच्या खालून बोट फिरवलं.

"खाच नाही हिला."

"तेच म्हणते मी. खाच असती तर थेंब भिंतीपर्यंत न जाता तिथेच सुटून पडला असता. तुम्ही खाच मारून द्याल?"

"पट्टी काढूनच बसवू. उतार पण उलटा आहे, आत येतोय."

उताराकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. त्यांनी गोटी ठेवून दाखवली. ती खोलीकडे घरंगळली.

काम दोन दिवस चाललं. दगडी पट्टी सोडवली, खालच्या अंगाला बाहेरच्या कडेपासून दोन सेंमी आत, सेंमीभर रुंद आणि तेवढीच खोल खाच मारली. पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन बसवली, आधीपेक्षा दोन बोटं जास्त पुढे. चौकटीचा सांधा लवचीक सीलंटने भरला, कारण उन्हात दगड आणि चौकट वेगवेगळे फुगतात आणि कडक सिमेंट तिथे पुन्हा चिरतं. आतून फक्त गिलावा. रंग आत्ता नाही.

जाताना मिस्त्रींनी आईला विचारलं, "आजी, ते झड-बिड तुम्ही रोज लिहायचात?" ती म्हणाली, "मी सांगायचे, ही लिहायची."

२२ एप्रिल

उन्हाळा तापलाय. सांध्यावर भिंगाने पाहिलं, चीर नाही. पर्जन्यमापकाची बरणी घासून ठेवली.

४ जून

वळीव, १७ मिमी. भिंत कोरडी. गेल्या वर्षीही वळवात कोरडीच होती, त्यामुळे यातून काही सिद्ध होत नाही.

२१ जून

पहिली झड. वारा ३, पश्चिमेचा, मध्यरात्रीपासून. टॉर्च घेऊन पुन्हा शेजारच्या गॅलरीत. पाणी काचेवरून पट्टीवर, पट्टीवरून कडेला. थेंब जाड झाला, वळसा घालून खाली गेला, उलटा चिकटला, भिंतीकडे निघाला आणि खाचेपाशी आला. तिथे पुढे धरायला दगड नव्हता. थेंब लांबला, थरथरला आणि सुटून खाली पडला. मी दोनशेपर्यंत मोजले. एकही खाच ओलांडून गेला नाही.

मापकात १४ मिमी.

२४ जून

प्लॅस्टिकच्या मागे कोरडं.

१३ जुलै

आतापर्यंत झडीचे नऊ दिवस, त्यांतले तीन सलग. अकराही जुन्या रेघा मोकळ्या आहेत. नव्या गिलाव्यावर मी त्या जुन्या फोटोंवरून पेन्सिलने पुन्हा काढून ठेवल्या होत्या. आतली आर्द्रता अजूनही ८३ ते ८८. त्यावर खिडकीच्या खाचेचा काही इलाज नाही. कपाट पुढे आणि कपडे बाहेर, हे चालूच राहील. आई परवापासून आपल्या खोलीत झोपते. पंप उशाशी आहे, रात्री एकदाच लागला.

१६ जुलै

स्वयंपाकघराच्या खिडकीची पट्टी खालून चाचपून पाहिली. तिलाही खाच नाही. ती बाजू दक्षिणेची आहे, म्हणून झड तिथे क्वचितच पोचते. तरी भिंतीवर आज पहिली रेघ मारली, अंगठ्याएवढ्या डागाभोवती. मिस्त्रींना फोन केला. भिंत वाळली की फेब्रुवारीत येतो म्हणाले.